क्षेत्र सात : विशेष काही नाही

माझ्या मामाला चिडवायला फार कष्ट पडायचे नाहीत. निसर्ग उद्यानात त्याच्या शेजारी उभं राहायचं, कमरेवर हात ठेवायचे, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघायचं आणि जांभई देता देता म्हणायचं, "इथे तर काहीच नाही."

सुट्टीच्या दिवशी हे वाक्य त्याला निदान पन्नास वेळा ऐकायला लागायचं. तिकीट काढून आत आलेली माणसं आधी वाघ शोधायची. वाघ नाही, झोपाळा नाही, आइस्क्रीमची गाडी गेटच्या बाहेर. मग उरलं काय, तर गवत. मामा हातातला ब्रश रंगाच्या डब्यावर आडवा ठेवायचा आणि म्हणायचा, "खाली बसा." बहुतेक जण बसायचे नाहीत, पँट मळते. जे बसायचे त्यांना तो वीतभर जागेत सात वनस्पती दाखवायचा. दगडावर चिकटलेलं दगडफूल, त्याच्या कडेचं शेवाळ, शेवाळात अडकलेल्या चिमूटभर मातीत उगवलेलं दवबिंदू नावाचं इवलं रोप. त्याच्या पानांवरच्या चिकट थेंबांत किडे अडकतात आणि ते पान त्यांना सावकाश पचवतं, हे ऐकलं की लहान मुलं "ई" म्हणायची आणि तिथून हलायची नाहीत. आयांना दंड धरून ओढावं लागायचं.

मामा उद्यानात लागला तो साधा माळी म्हणून. खड्डे खणायचे, पालापाचोळा ओढायचा, नळी धरून उभं राहायचं. पहिल्याच वर्षी कोणीतरी त्याला स्वच्छतागृहाच्या दोन दारांवर 'पुरुष' आणि 'स्त्रिया' रंगवायला सांगितलं. मोठे साहेब, म्हणजे त्या वेळचे उद्यानाचे प्रमुख, आत जाऊन आले आणि हात पुसत पुसत त्यांनी विचारलं, की हे अक्षर कोणाचं. तिथून मामाचं नशीब उघडलं. झाडांच्या नावांच्या पाट्या त्याच्याकडे आल्या, मग नोंदींची वही आली, आणि उद्यानात त्याचं नावच 'पाटीवाले' पडलं. मामी ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि शेवटी न चुकता जोडते, "आमच्या ह्यांची सगळी कारकीर्द संडासाच्या दारातून सुरू झाली." मामी लोकांच्या कपड्यांची उंची कमी-जास्त करून देते. सदानकदा ओठांत टाचण्या धरलेल्या असतात. तिचे टोमणे त्या टाचण्यांमधूनच बाहेर येतात, म्हणून जास्त लागतात.

माझी शाळा त्यांच्या घराजवळ. पाचवीपासून मी त्यांच्याकडेच असते. त्यामुळे मामाचं उद्यान मला जेवणाच्या टेबलावर रोज थोडं थोडं मिळत गेलं. त्याच्या हिशेबी जगात चारच प्रकारच्या जागा होत्या: ओढ्याकाठची झाडी, पाणकणसांची दलदल, गवताचा उतार आणि कातळ. माणसंही तो त्यातच बसवायचा. मामी म्हणजे कुसळ, एकदा मोज्यात शिरली की घरापर्यंत येणार. गेटवरचा पहारेकरी, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणतात, तो म्हणजे घाणेरी: कुठेही उगवतो आणि दुसऱ्याला उगवू देत नाही. मला त्याने लव्हाळा ठरवलं होतं. का, विचारलं तर म्हणाला, ज्याचा वारा येईल त्याच्यासारखी डुलतेस. मी घरात सगळ्यांच्या नकला करायचे, त्यावरून होतं ते.

स्वतः तो कातळ. म्हणजे असं मामी म्हणायची. त्याला मात्र ती शिवी वाटायची नाही, कारण त्याचं सगळ्यात लाडकं माणूस कातळावरच राहत होतं.

ते माणूस म्हणजे एक फूल. जमिनीवर उगवणारं ऑर्किड. गेटमधून आत आलं की उजव्या हाताला खडकाचा एक चपटा तुकडा होता, एखाद्या वर्गाएवढा. त्याच्या खोलगट भागात चार बोटं माती, आणि पावसाचे चार महिने वरच्या उतारावरून झिरपणारं पाणी त्या मातीतून हळूहळू पुढे सरकायचं. साठायचं नाही आणि थांबायचंही नाही. उद्यानात कातळ बराच होता, पण असं पाणी फक्त तिथेच. पावसाळ्याच्या मध्यावर त्या मातीतून पानांच्या जोड्या यायच्या, मग एकेक दांडा, आणि दांड्यावर पांढरी, झालर कापल्यासारखी फुलं. संध्याकाळ झाली की वास सुटायचा. सहा आठवड्यांत सगळं आटपून ती पुन्हा खाली जायची. पुस्तकात तिला लांबलचक नाव आहे. मामा तिला 'पाहुणी' म्हणायचा. उरलेले साडेदहा महिने त्या जागेवर वाळलेली माती, खडी आणि एखादी चॉकलेटची चांदी एवढंच दिसायचं. पाहुणी तेव्हा चार बोटं खाली, शेंगदाण्याएवढ्या कंदात झोपलेली असायची.

उद्यानाची बारा क्षेत्रं होती. तो कातळ म्हणजे क्षेत्र सात.

मोठ्या साहेबांनी सगळ्या झाडांना पाट्या लावायला सांगितल्या तेव्हा मामाने पाहुणीचीही पाटी रंगवली. हिरव्या पत्र्यावर पांढरं अक्षर, खाली बारीक लिहिलेलं 'दुर्मीळ'. आठवड्याच्या आत सकाळी येऊन बघतो तर कातळावर पस्तीस खड्डे. कोणीतरी चमच्याने कंद काढून नेले होते, चमचा तिथेच टाकून. मामाने तो चमचा घरी आणला आणि खिडकीत ठेवला. मामीने एकदा घासून वापरायला घेतला तर मामा ताटावरून उठला.

त्यानंतर त्याने जे केलं ते त्याच्याशिवाय कोणाला सुचलं नसतं. पाटी काढली नाही. उचलली आणि दीडशे पावलं लांब, क्षेत्र नऊमध्ये नेऊन रोवली. नऊ म्हणजे गवताचा उतार: कंबरभर कुसळी गवत, खाली घट्ट काळी माती, मुळांचं जाळं आणि लाल मुंग्या. खणायला त्याहून वाईट जागा सगळ्या उद्यानात नाही, म्हणूनच त्याने ती निवडली. आणि ऑफिसातली नोंदवही कोणीही चाळायचं, म्हणून तीही बदलली. नऊच्या पानावर लिहिलं, 'दुर्मीळ भू-ऑर्किड, संख्या उत्तम.' सातच्या पानावर लिहिलं, 'मुरमाड जागा. विशेष काही नाही.' अक्षर अर्थातच सुरेख.

मोठ्या साहेबांना त्याने हे सांगितलं. ते पोट धरून हसले म्हणे. म्हणाले, मला काही सांगितलं नाहीस असं समज. पुढे कित्येक वर्षं चोर नऊमध्ये खणत राहिले. मुंग्या चावलेले हात झटकत, पायजम्याला कुसळं घेऊन गेटमधून बाहेर पडणारी माणसं मामाला लांबून ओळखू यायची आणि तो त्यांना अदबीने विचारायचा, "काय, आवडलं का उद्यान?" घरी येऊन हा प्रसंग तो पुन्हा पुन्हा सांगायचा. तेवढ्यापुरता तो कातळ वगैरे राहायचा नाही.

फुलं यायची तेव्हा तो वर्षातून एकदा आम्हाला न्यायचा. गेटवर माझ्याकडून मोबाइल काढून घ्यायचा, मामीकडूनही. फोटो नाही म्हणजे नाही. फोटोबरोबर जागा जाते, असं त्याचं म्हणणं. मामी पुटपुटायची, की नवऱ्याच्या मैत्रिणीला भेटायचं तेही झडती देऊन. पण एकदा तिथे पोचली की ती ओठांतल्या टाचण्या काढून पदराला लावायची. मामीला गप्प करणारी मी पाहिलेली ती एकच गोष्ट.

मोठे साहेब निवृत्त झाले, दोन वर्षांनी वारले. मामा त्यांच्या घरी जाऊन आला आणि त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला, की आता सात नंबरचं फक्त आपल्या तिघांनाच माहीत आहे. मामी म्हणाली, मग वहीत दुरुस्त करून टाका. तो म्हणाला, करू. मामाचा 'करू' म्हणजे काय ते आमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ सांगेल.

मग नवे साहेब आले. हसतमुख माणूस, कोणाला कधी अरे-तुरे नाही. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'बेसिकली' आणि शेवटी 'ओके?'. बेसिकली, उद्यानाला चेहरा नाही, ओके? लोक गेटमधून आत येतात आणि त्यांना काय दिसतं, तर खडक. चेहरा म्हणजे स्वागत चौक: फरशीचे ब्लॉक, बाकं, कारंजं, फोटो काढायला उद्यानाच्या नावाची मोठी अक्षरं. पण साहेब नियमाने चालणारे. दुर्मीळ काही असेल तिथे बांधकाम करायचं नाही, म्हणून त्यांनी आधी सर्वेक्षण मागवलं. वाईट माणूस असता तर आम्हाला शिव्या तरी देता आल्या असत्या.

सर्वेक्षणाला एक बाई आल्या. टोपी, टॅबलेट, गळ्यात भिंग. कामाला वाघ. पण आल्या त्या ऐन उन्हाळ्यात, आणि आठ दिवसांत बारा क्षेत्रं संपवायची होती. दलदल पाहिली, झाडी पाहिली, नेचे, शेवाळं, दगडफुलं सगळं टिपलं. उन्हाळ्यात जे दिसत नाही त्यासाठी त्यांनी नोंदवही मागितली. मामाने ती स्वतः नेऊन दिली, वर म्हणाला, काही अडलं तर विचारा. बाईंना काही अडलं नाही. त्या म्हणाल्या, "असं आहे ना, इतकी स्वच्छ वही मी कुठल्याच उद्यानात पाहिली नाही." मामा त्या दिवशी घरी येताना मला आवडतात ती बिस्किटं घेऊन आला होता.

वही देताना त्याला सातचं पान आठवलं नाही का, हे मी पुढे एकदा विचारलं. तो म्हणाला, आठवलं. पण बाई पावसाळ्यात पुन्हा येणार असं त्याने गृहीत धरलं होतं. सर्वेक्षण म्हणजे सगळे ऋतू, त्याच्या डोक्यात दुसरं काही असूच शकत नव्हतं. पावसात त्यांना सातवर नेऊन खाली बसायला सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्यांचा चेहरा कसा होईल तेसुद्धा.

तीन आठवड्यांनी सकाळी तो कामावर गेला तर कातळावर फक्कीने पांढऱ्या रेघा मारलेल्या. चौकोन, त्यात गोल. गोल म्हणजे कारंजं. भोंगा लांबूनच ओरडला, "पाटीवाले, तुमच्या गेटाला चेहरा येतोय बरं का." मामा तसाच, सायकलला कुलूप न लावता, ऑफिसात गेला.

आत काय झालं ते मला तीन तोंडांतून कळलं. मामाकडून तुटक तुटक, भोंग्याकडून रंगवून, आणि ऑफिसातल्या टायपिस्ट ताईंकडून, ज्या मामीकडे कपडे देतात, त्यांच्याकडून जसंच्या तसं. मामाने सगळं सांगितलं. चमचा, पस्तीस खड्डे, पाटी, वही. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी मामाला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले.

"म्हणजे बेसिकली, चौदा वर्षं तुम्ही वहीत खोटं लिहिलंत."

"एकाच पानावर, साहेब. दोन पानांवर."

"मोठ्या साहेबांची लेखी परवानगी?"

"त्यांनी सांगितलं होतं, की मला सांगितलं नाहीस असं समज."

टायपिस्ट ताई सांगतात, इथे त्यांना हसू आलं आणि त्यांनी खोकून घेतलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "पाटीवाले, तुम्हीच सांगा. वही खरी असेल तर सातमध्ये काही नाही. वही खोटी असेल तर ती लिहिणाऱ्याचं मी आज का ऐकू?"

  बाकी दहा क्षेत्रांचं काय, तेही खोटं का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मामाचा आवाज चढला. वीस वर्षं भरलेली वही, एकेका नेच्याची तारीख, दलदलीत पाणी किती बोटं उतरलं ते दर महिन्याचं. सगळ्यावर एका दुपारी शंकेची शाई सांडली होती, आणि बाटली त्याच्याच हातात होती.

घरी मामीने पहिला प्रश्न विचारला, फोटो आहे का. मग तिलाच आठवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "आणा आता पुरावा. आम्हाला तर गेटवर नागवं करून सोडत होतात." मामा भात कालवत राहिला. मी वातावरण हलकं करायला म्हणून साहेबांचा आवाज काढला, मान जरा तिरकी करून, "क्षेत्र सात. बेसिकली, विशेष काही नाही. ओके?" मामी फिस्सकन हसली. मामा हात धुवायला उठला तो परत आलाच नाही. त्याचं ताट मी झाकून ठेवलं. साहेबांची नक्कल मला अजून येते, पण घरात करत नाही.

दुसऱ्या दिवशी बाई शहरातच आहेत असं कळल्यावर मामाने टायपिस्ट ताईंना विनवून सर्वेक्षणाच्या बाईंना बोलावून घेतलं. आणि बाई यायच्या आधी त्याने जे चौदा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. सातवर गुडघे टेकून बसला आणि एक पाहुणी खणून काढली. खिडकीतला तोच चमचा घेऊन गेला होता. दुसरं हत्यार त्या मातीला मोठं पडलं असतं, असं त्याचं म्हणणं. तळहातावर दोन कंद: एक सुकून चामडं झालेला, गेल्या पावसाळ्याचा, दुसरा टणक, पुढच्या पावसाळ्याचा.

बाईंनी भिंगातून नीट पाहिलं. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "असं आहे ना, ऑर्किडचाच आहे. कुठलं ते फुलाशिवाय सांगता येणार नाही, पण ऑर्किड नक्की." मामाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बाईंकडे. मग साहेबांनी टॅबलेटवर बोट ठेवून शांतपणे विचारलं, की अहवालानुसार उद्यानात ऑर्किड कुठे आहे. बाई म्हणाल्या, नऊमध्ये. साहेब म्हणाले, "मग हा कंद नऊमधला नाही कशावरून?"

नऊमध्ये जाऊन खणून बघा, तिथे एकही नाही, असं मामा म्हणाला. बाई म्हणाल्या, संरक्षित क्षेत्रात खणता येत नाही. नऊ आता संरक्षित झालं होतं. अहवालात तसं लिहिलं होतं, मामाच्याच वहीवरून.

आता सातवर तुमच्यासमोर खणतो, असंही तो म्हणाला. साहेबांनी खिडकीतून दाखवलं: सातवर खडीचा पहिला डंपर रिकामा होत होता. पावसाआधी चौक पुरा व्हायचा होता, ठेकेदार आला होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि, मला वाटतं खरोखर चांगुलपणाने, एक मार्ग काढला. सोमवारी उद्यान बंद असतं. त्या एका दिवसात मामाला सातमधून जे काढायचं ते काढू दे आणि नऊमध्ये लावू दे, लावण्यापुरती परवानगी ते देतील. दुसरीकडे कुठेही नाही, कारण मग नवी नोंद, नवं सर्वेक्षण. नऊमध्ये लावलं की कागद आणि जमीन यांचा मेळ बसेल आणि वहीचा विषय एका मेमोवर मिटेल. ओके?

मामा ओके म्हणाला. काय म्हणणार होता?

सोमवारी माझा गणिताचा पेपर होता. मामी गेली होती. ती आदल्या रात्रीपर्यंत म्हणत होती, की माझं काय काम त्या उन्हात, आणि सकाळी उठून तिने आपले बटणांचे सगळे डबे रिकामे केले, ते कप्प्याकप्प्यांचे असतात ना, तसले. बटणं गादीवर ओतली. कोटाची, सदऱ्यांची, लहान मुलांच्या फ्रॉकची, चौदा वर्षं वेगळी वेगळी ठेवलेली, सगळी एक झाली. प्रत्येक कप्प्यात चिमूटभर कातळावरची माती आणि एक कंद, असं दोघांनी दिवसभर केलं. माती का, तर त्या मातीत एक बुरशी असते, तिच्याशिवाय पाहुणीला जेवता येत नाही. हे मामाने मामीला पंचविसाव्यांदा सांगितलं आणि मामीने पहिल्यांदा ऐकलं. अर्धा कातळ खडीखाली गेलेला. तिथले कंद काढायला मामा हातांनी खडी बाजूला करत होता. भोंगा सावलीतून बघत होता. दुपारी तोही उठला, घमेलं घेऊन आला आणि खडी उपसू लागला. तेवढा वेळ एक शब्द बोलला नाही, हे मामीने शपथेवर सांगितलं आहे.

मग ते डबे घेऊन दोघं नऊमध्ये गेली. कुसळ, काळी माती, मुळांचं जाळं, लाल मुंग्या. चोरांना शिक्षा म्हणून निवडलेली जागा. मामी सांगते, पहिला खड्डा करून मामा नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "इथे तर काहीच नाही." मामीला वाटलं गंमत करतोय. ती हसली आणि मग तिने त्याचं तोंड पाहिलं.

त्या पावसाळ्यात नऊमध्ये अकरा ठिकाणी पानं आली. बाई मुद्दाम बघायला आल्या. खाली बसल्या, पँट मळवली, फोटो काढले. वर बघून म्हणाल्या, "आहे की! उगाच घाबरवलंत आम्हाला." मामा त्यांना सांगत होता, की ही सातमधली आहेत, कंदातली शिल्लक खातायत, नवी काही कमावत नाहीत, फूल येणार नाही. बाईंनी मान हलवत हलवत सगळं ऐकून घेतलं. अहवालात त्यांनी लिहिलं, 'क्षेत्र नऊ : अस्तित्वाची खात्री केली.' पुढच्या पावसाळ्यात तीन पानं. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात गवत.

मेमो मामाच्या फायलीत लागला. 'नोंदीतील हेतुपुरस्सर विसंगती' असे त्यातले शब्द. टायपिस्ट ताईंनी टाइप करताना दोनदा चुकवले असं त्या मामीला सांगून गेल्या. वही त्याच्याकडून काढून कपाटात गेली आणि नोंदी आता संगणकावर होतात. पाट्याही आता छापून येतात, खाली फोटो असतो. मामाच्या अक्षरातली एकच पाटी उद्यानात उरली आहे, नऊमधली. साहेबांना ती 'हेरिटेज' वाटली. तिच्याभोवती लोखंडी कठडा आहे, कठड्यावर सूचना आहे की आत पाऊल ठेवू नये. सुट्टीच्या दिवशी माणसं कठड्याला टेकून गवताचे फोटो काढतात. मामा जवळून जात असला की कोणीतरी विचारतं, फूल कुठे आहे. उन्हाळा असेल तर तो म्हणतो, झोपलीय, पावसात या. पावसाळा असेल तर म्हणतो, आठवडाभर उशीर केलात. माणसं हळहळतात. तिकिटाचे पैसे फुकट गेले असं कोणी म्हणत नाही.

त्याला आता काम आहे ते चौकाचं. फरशीच्या ब्लॉकमध्ये बोटाएवढ्या फटी असतात. वरच्या उतारावरचं पाणी अजून तिथेच येतं, त्याला चौक बांधल्याचं कोणी कळवलेलं नाही, आणि फटींतून काय काय उगवतं. ते उपटून चौक साफ ठेवायचा. पहिल्या पावसाळ्यात मामा एकेक कोंब दोन बोटांत धरून, चष्मा कपाळावर सरकवून बघायचा, पानाची बाजू उलटायचा, मग सोडायचा नाहीतर उपटायचा. एक ओळ व्हायला सकाळ जायची. भोंगा ओरडायचा, "पाटीवाले, गवताची ओळखपरेड घेताय का?" मामा पुढचा कोंब धरायचा. दुसऱ्या पावसाळ्यातही तसंच, जरा भराभर.

परवा मी शाळेतून परस्पर उद्यानात गेले. मामीने मामाचा डबा माझ्याकडे दिला होता, सकाळी तो घरीच विसरून गेला होता. झिमझिम पाऊस होता. कारंजं बंद होतं, ते बहुतेक वेळा बंदच असतं. मामा चौकात उकिडवा बसला होता, पाठ माझ्याकडे. एका हातात सुरी, बाजूला घमेलं. गेटमधून आत आलेलं एक कुटुंब त्याच्याशेजारी उभं होतं. बाप कमरेवर हात ठेवून डावीकडे बघत होता, मग उजवीकडे. मी थांबले. आता हा 'काहीच नाही'चं वाक्य टाकणार आणि मामा सुरी खाली ठेवून "खाली बसा" म्हणणार, म्हणून.

बापाने वाक्य टाकलं.

"नाही," मामा म्हणाला. "पुढे बाकं आहेत."

आणि तो फटीतून उपटत राहिला. एका फटीत सुरी, कोंब, घमेलं. पुढची फट, सुरी, कोंब, घमेलं. हात चांगला बसला होता. चष्मा त्याने खिशात ठेवला होता.